उसनवारीचे आरमार

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या आळीतला सोऱ्या प्रवासाला निघतो. तसा सोऱ्या प्रत्येक घरात असतो. पण कोणाची चकलीची ताटली हरवलेली असते, कोणाचा दांडा अडकलेला असतो, आणि मग ज्या एका घरचा पितळी सोऱ्या धडधाकट असेल त्या घराला त्या आठवड्यात भलताच मान येतो. उसनवारीचे एक शास्त्र आहे आणि ते आमच्या सौ.ला तोंडपाठ आहे. वाटीभर साखर आणली तर वाटी शिगोशीग भरून परत करावी. भांडे रिकामे धाडू नये, चार चकल्या तरी घालून धाडावे. दिवेलागणीनंतर मीठ मागू नये. आणि सर्वांत मोठा नियम असा, की जिच्यावाचून रोजचा स्वयंपाक अडेल अशी वस्तू उसनी आणून तिच्या भरवशावर राहू नये. थोडक्यात, सोऱ्या मागावा, चूल मागू नये.

हे शास्त्र मला अलीकडे पुन्हा पुन्हा आठवते ते सोऱ्यामुळे नव्हे, पाणबुडीमुळे! रशियाकडून अणुशक्तीवर चालणारी आणखी एक पाणबुडी भाड्याने आणण्याचा करार २०१९ साली झाला. रक्कम तीन अब्ज डॉलरांच्या आसपास असल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. आणि पुढे पाणबुडीऐवजी तिची तारीखच तेवढी सरकत राहिली. मोती तलावाच्या काठावर संध्याकाळी आमची चार निवृत्तांची बैठक भरते. तिथे हा विषय निघाला की दोन तट पडतात. मास्तर म्हणतात, "दुसऱ्याची तरवार कमरेला लावून कोणी शूर होत नाही." भाऊ बँकेतून निवृत्त झालेले, ते म्हणतात, "अहो मास्तर, घर बांधून होईपर्यंत माणूस भाड्याच्या जागेत राहतोच ना? का पावसात उभा राहतो?" दोघांचेही म्हणणे ऐकताना पटते, आणि घरी परतताना दोघांचेही सुटते.

वाडीकरांनी पाणबुडीवर वाद घालावा हे बाहेरच्या माणसाला गमतीचे वाटेल. समुद्र आमच्या गावात नाही, तो वेंगुर्ल्याला. आमच्या गावाची ख्याती लाकडी खेळण्यांची आणि गंजिफांची. पण या संस्थानाचे भाग्य उजळले आणि मावळले ते समुद्रावरच, हे इथल्या इतिहासाची चार पाने चाळली तरी कळते. तिकडे वळण्यापूर्वी ही वस्तू आहे तरी काय, ते नीट पाहू या.

पाणबुडी हा शब्द आमच्या जिल्ह्यात मध्यंतरी गाजला तो निवतीजवळच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखालचे जग दाखवण्याच्या योजनेमुळे. ही गोष्ट वेगळी. आरमारातली साधी पाणबुडी पाण्याखाली चालते ती विजेच्या बॅटऱ्यांवर. बॅटऱ्या उतरल्या की डिझेल इंजिन सुरू करावे लागते, इंजिनाला हवा लागते, आणि हवेसाठी पृष्ठभागाजवळ येऊन नळी वर काढावी लागते. आमच्या खाडीत बुडी मारणारा पोर जसा कितीही तरबेज असला तरी श्वासासाठी डोके वर काढतोच, तसेच हे. आणि डोके वर काढले की शत्रूला दिसण्याचा धोका आला. अणुभट्टीला हवा लागत नाही. तिच्या शक्तीवर समुद्राच्या पाण्यापासूनच पिण्याचे पाणी आणि प्राणवायू तयार करता येतो. त्यामुळे अशी पाणबुडी महिनेच्या महिने खाली राहू शकते, वेगाने दूर जाऊ शकते. तिला वर यायला लावते ती एकच गोष्ट, आतल्या माणसांचे अन्न संपणे.

यांतही दोन जाती. एक शिकारी: शत्रूच्या जहाजांचा आणि पाणबुड्यांचा पाठलाग करणारी. दुसरी पाठीवर अण्वस्त्रे घेऊन खोल समुद्रात गुपचूप दडून राहणारी. आपण होऊन अण्वस्त्र प्रथम वापरायचे नाही, असे भारताचे जाहीर धोरण आहे. असे म्हणणाऱ्याजवळ पहिला घाव सोसूनही शाबूत राहील असे काहीतरी असावे लागते. ते काम या दुसऱ्या जातीचे. जगात दोस्त दोस्ताला देतो ती पहिली जात, तीही हात आखडूनच.

आपल्याला हिची निकड कधी जाणवली? १९७१च्या डिसेंबरात. बांगलादेशाचे युद्ध चालू असताना अमेरिकेचे एंटरप्राइझ हे अणुशक्तीवर चालणारे प्रचंड विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे आले, आणि त्यामागोमाग सोव्हिएत युद्धनौका व पाणबुड्याही आल्या. एका मोठ्याचा धाक घालवायला दुसरा मोठा लागतो, हा धडा दिल्लीने तेव्हा घेतला. त्याच युद्धात उसन्या पाणबुडीचाही एक धडा मिळाला होता, पण तो शेजाऱ्याच्या घरचा. पाकिस्तानची गाझी ही मुळात अमेरिकेची डायब्लो. ती भाडेपट्ट्याने आणून १९६४ साली पाकिस्तानी आरमारात दाखल झाली. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले, अमेरिकेने शस्त्रांची आणि सुट्या भागांची मदत थांबवली, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी गाझीला तुर्कस्तानची गोदी गाठावी लागली. १९७१च्या ३ डिसेंबरच्या रात्री ती विशाखापट्टणमच्या तोंडाशी सगळ्या माणसांसह बुडाली. ती आपल्या माऱ्याने बुडाली की आतल्या स्फोटाने, यावर दोन्ही देश अजून वाद घालतात. बुडालेल्यांच्या घरच्यांना त्या वादाचा काय उपयोग!

गाझीने जिथे तळ गाठला त्याच विशाखापट्टणमला १९८८ साली आपली पहिली उसनी अणुपाणबुडी आली. सोव्हिएत संघाने ती तीन वर्षांच्या भाड्याने दिली होती. आपण तिचे नाव ठेवले चक्र. कॅप्टन आर. एन. गणेश हे तिचे पहिले कप्तान. अण्वस्त्रे तिच्यावर ठेवायची नाहीत ही अट होती, आणि अणुभट्टीसाठी सोव्हिएत तज्ज्ञ बरोबर होते. घरात सोऱ्या आला, पण सोऱ्याबरोबर शेजारीणही येऊन बसली, असा प्रकार! तीन वर्षे सरली आणि १९९१च्या जानेवारीत चक्र परत गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघच मोडला. उसने दिलेल्या वस्तूची मुदत संपते हे आपण जाणतो. देणारे घरच नाहीसे होईल, हे कोणी करारात लिहून ठेवीत नाही.

मग एकवीस वर्षे आपल्याकडे अशी पाणबुडी नव्हती. दुसरी चक्र ४ एप्रिल २०१२ रोजी दाखल झाली, दहा वर्षांच्या कराराने, आणि २०२१ साली माघारी गेली. ही दुसरी आपल्या हाती येण्याआधीच २००८च्या नोव्हेंबरात चाचणीच्या वेळी आग विझवणारा वायू आत सुटून वीस माणसे गुदमरून गेली होती. बहुतेक गोदीतली माणसे. पाणबुडीच्या गोष्टीत अब्जांचे आकडे पुष्कळ असतात. हा वीसचा आकडा मला त्या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

आता मास्तर विचारतात तो प्रश्न खरा आहे. दोन वेळा आणली, दोन वेळा परत केली. हाती उरले काय?

याचे उत्तर शोधायला मला आमच्याच किनाऱ्यावर यावे लागते. या किनाऱ्याने मित्राच्या आरमाराशी व्यवहार करण्याच्या तीन तऱ्हा पाहिल्या आहेत.

पहिली तऱ्हा शिवाजी महाराजांची. १६५९च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे महाराजांनी गलबते बांधायला घेतली तेव्हा जहाजबांधणीत मुरलेली माणसे म्हणजे पोर्तुगीज. रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह कामावर होता. आरमार सिद्दीविरुद्ध बांधतो आहोत असे सांगितले गेले होते. पण हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल ही भीती वसईच्या पोर्तुगीजांना पडली. त्यांनी निरोप धाडले आणि ही मंडळी एका रात्री काम टाकून निघून गेली. मित्राचा कारागीर असा अर्ध्या कामातून उठून जातो! पण तोवर आपल्या सुतार-लोहारांचे हात वळले होते. काम थांबले नाही. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आणि १६६५च्या फेब्रुवारीत महाराज बसरूरच्या मोहिमेवर निघाले तेव्हा तीन मोठी जहाजे आणि ८५ लहान गलबते बरोबर असल्याचे इंग्रजांनी आपल्या पत्रांत लिहून ठेवले. मास्तरांनो, पोर्तुगीज गेले आणि उरले ते हे.

दुसरी तऱ्हा पेशव्यांची. तुळाजी आंग्रे जुमानीत नाही म्हणून नानासाहेबांनी मुंबईच्या इंग्रजांचे आरमार मदतीला घेतले. फेब्रुवारी १७५६मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. बंदरात नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. पेशव्यांना किल्ला मिळाला, इंग्रजांना बाणकोट मिळाले. तुळाजी काही साधुपुरुष नव्हता आणि त्याच्याशी पेशव्यांचे भांडणही खोटे नव्हते. पण जळाले ते मराठी आरमार होते, आणि जाळले ते मित्राने, आपल्याच बोलावण्यावरून. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना तोडीचे असे मराठी आरमार पुन्हा उभे राहिले नाही. चुलीवर पाणी ओतायला शेजाऱ्याला बोलावले, आणि मग सकाळी विस्तव मागायला त्याच्याच दारात जावे लागले.

तिसरी तऱ्हा आमच्या वाडीची, आणि ती सांगताना वाडीकराची मान जरा खाली जाते. आंग्र्यांच्या विरोधात सावंतांनी १७३०मध्ये इंग्रजांशी मैत्रीचा तह केला. मित्र कामाला येतील हा हिशेब चुकीचा होता असे त्या वेळी कोणी म्हटले नसते. पण १८१२मध्ये त्याच मित्रांनी दुसरा तह लिहून घेतला. वेंगुर्ले बंदर त्यांना द्यायचे, आणि संस्थानाची सगळी लढाऊ गलबतेही त्यांच्या स्वाधीन करायची. कारण सांगितले गेले चाचेगिरीचे. आणि इथले दर्यावर्दी येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना त्रास देत नव्हते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. १८१९मध्ये कर्लीच्या नदीपासून गोव्याच्या हद्दीपर्यंतचा किनाराही गेला. १८३८मध्ये कारभारच इंग्रजांनी हाती घेतला. पहिल्या तहापासून गलबते जाईपर्यंत ब्याऐंशी वर्षे, आणि गलबते गेल्यावर कारभार जायला फक्त सव्वीस. आज वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभे राहून आपण सूर्यास्त पाहतो तेव्हा हा हिशेब आठवत नाही, हेच बरे.

या तीन तऱ्हांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. परक्याची मदत घेतली म्हणून कोणी बुडाले नाही. महाराजांनीही ती घेतलीच होती. फरक पडला तो मदतीमुळे आपल्या हातांचे काय झाले यामुळे. एकदा हात शिकले, एकदा हात भाजले, एकदा हात बांधले गेले.

या मापाने चक्रकडे पाहिले तर हिशेब बरा दिसतो. पहिल्या चक्रवर काम केलेल्यांपैकी कित्येकजण पुढे ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. कॅप्टन गणेश पुढे व्हाइस ॲडमिरल झाले आणि स्वदेशी अणुपाणबुडीच्या प्रकल्पाचे प्रमुखही. त्या प्रकल्पातून २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला अरिहंत पाण्यात उतरली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी नारळ फोडला, आणि पंतप्रधानांनी रशियन मित्रांचे जाहीर आभार मानले. भांडे रिकामे परत करू नये, हा नियम सरकारलाही ठाऊक असावा! अरिहंतमधली ८३ मेगावॉटची अणुभट्टी २०१३च्या ऑगस्टमध्ये चालू झाली, २०१६ साली ती आरमारात दाखल झाली, आणि अण्वस्त्रे घेऊन पहिली फेरी पुरी करून परतल्याचे ५ नोव्हेंबर २०१८ रोजी, धनत्रयोदशीच्या दिवशी, जाहीर झाले. २९ ऑगस्ट २०२४ला अरिघात आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिकारी जातीच्या दोन अणुपाणबुड्या देशातच बांधण्यास सरकारने मंजुरी दिली. चूल आपली पेटती आहे. म्हणून सोऱ्या मागायला हरकत नाही.

आमच्या गावची गंजिफा घ्या. हा खेळ मूळचा इराणाकडचा, मोगलांबरोबर आला. इथल्या चितारींनी गोल पत्त्यांवर आपले दशावतार रंगवले. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे १२० पत्ते. पहिला अवतार मत्स्य. आज त्या खेळाला कोणी उसना म्हणत नाही. उसन्या वस्तूवर आपला हात फिरला की ती आपली होते. नुसते नाव बदलून होत नाही. १९७०नंतरच्या वर्षांत सोव्हिएत संघात बांधलेल्या लहान क्षेपणास्त्र-नौकांना आपण विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग अशी नावे दिली होती. ऐकून छाती फुगते, पण लोखंड त्यांचेच होते.

जगात सध्या याच प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा ऑस्ट्रेलिया देत आहे. १५ सप्टेंबर २०२१ रोजी त्या देशाने अमेरिका आणि ब्रिटन यांच्याशी करार जाहीर केला, आणि फ्रान्सशी आधी ठरलेला बारा साध्या पाणबुड्यांचा व्यवहार मोडला. फ्रान्स इतका रागावला की त्याने दोन्ही राजधान्यांतले आपले राजदूत माघारी बोलावले. एका शेजाऱ्याकडे सोऱ्या मागितला म्हणून दुसरा शेजारी बोलेनासा होतो, त्यातलीच गत. २०२३ साली ठरले ते असे, की पुढच्या दशकाच्या आरंभापासून अमेरिकेने तीन, लागल्यास पाच पाणबुड्या विकायच्या, आणि नंतरच्या ऑस्ट्रेलियाने ब्रिटनबरोबर बांधायच्या. तीसेक वर्षांत मिळून खर्चाचा अंदाज ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरांपर्यंत. पण अमेरिकेच्या कायद्यात एक मेख आहे. हे दिल्याने आपल्या आरमाराची पाण्याखालची ताकद कमी होणार नाही, असे त्या वेळच्या अध्यक्षाने लिहून द्यावे लागते. म्हणजे सोऱ्या मिळेल, पण त्या घरच्या चकल्या आधी तळून झाल्या तर! ऑस्ट्रेलियाकडे ना अणुभट्टी बांधण्याची परंपरा, ना अणुवीज. तिथले विचारी लोक या करारावर भांडत आहेत यात नवल नाही.

वेंगुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मी हा सगळा वाद सांगितला. त्याने जाळ्यावरची नजर न हलवता म्हटले, "भाड्याची होडी वाऱ्याक भियत नाय, मालकाक भियता." लढाईच्या दिवशी ज्या पाणबुडीला मालकाची परवानगी आठवते ती किती लढणार? शिवाय ज्याने ती बांधली त्याला तिचा पाण्यातला आवाज ठाऊक असतो. आणि पाण्याखाली आवाज हाच चेहरा. म्हणून देशाचे अखेरचे संरक्षण, ती दडून राहणारी जात, कोणाकडूनही मागून आणता येत नाही आणि आणूही नये. शिकण्यासाठी, हात वळवण्यासाठी, मधल्या वर्षांत कसब गंजू नये म्हणून शिकारी जातीची मागावी. तीही तीन गोष्टी पाहून. आपली माणसे तिच्या पोटापर्यंत पोहोचणार का? ती आली म्हणून आपली गोदी सुस्तावणार का? आणि तिच्या बदल्यात आपण कोणते वेंगुर्ले लिहून देत आहोत?

सौ.ने एक चौथा प्रश्न घातला आहे. "अहो, तेवढ्या पैशात इथे एक धड हॉस्पिटल नाही का होणार?" आमच्या भागातला गंभीर रुग्ण अजूनही रातोरात गोव्याला बांबोळीला न्यावा लागतो, हे तिला मी सांगायला नको. या प्रश्नावर माझ्याकडे खणखणीत उत्तर नाही. संरक्षणाचा पैसा वाचला म्हणजे तो हॉस्पिटलाकडे वळतोच असे नाही, असे भाऊ म्हणतात, आणि ते खरे आहे. पण हॉस्पिटलाच्या तोंडचा घास काढून आणलेली वस्तू नुसती तीन-दहा वर्षे मिरवून परत गेली, तर तो घास फुकट गेला, हेही तितकेच खरे. म्हणून तिच्या प्रश्नाने माझी पहिली अट आणखी घट्ट होते. जे भाडे आपण देतो ते लोखंडाचे नव्हे, शिक्षणाचे असले पाहिजे.

या जिल्ह्यातली पुष्कळ मुले आरमारात जातात. पाणबुडीवर गेलेल्याची तऱ्हा निराळी. ती खाली गेली की घरी ना पत्र, ना फोन. ती कुठे आहे हे आईला कळत नाही, आणि कळता कामाही नये, कारण न कळणे हेच तिचे सामर्थ्य. आपल्या दारांत आकाशकंदील लागतील त्या रात्री कोठेतरी खोल काळोखात काही मुले आपापल्या पाळीवर बसलेली असतील. तिथे काही बिघडले तर उघडून पाहायला मालकाला विचारावे लागू नये, आणि ज्या यंत्राशेजारी ती झोपतात त्याचा स्क्रू न् स्क्रू त्यांच्या ओळखीचा असावा. पाणबुडी कोणाकडून आणली याची चर्चा आपण तलावाच्या काठावर खुशाल करावी. पण त्या मुलांच्या दृष्टीने प्रश्न एवढाच आहे.